तिला विचारा

तिखटबाई हे नाव तिला प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टरांनी दिलं. पहिल्यांदा ती एका बाईला सोबत म्हणून त्यांच्या वॉर्डात आली, खुर्ची ओढून पलंगाला चिकटून बसली, आणि दुपार व्हायच्या आत तिनं एका डॉक्टरचं, खुद्द मोठ्या सिस्टरांचं आणि होऊ घातलेल्या आजोबांचं तोंड बंद केलं. "कानामागून आली नि तिखट झाली," मोठ्या सिस्टर फणकारल्या. झालं, नाव चिकटलं. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण हिचे कान मोठे तिखट. भिंतीपलीकडे कुणी कुजबुजलं तरी हिला ऐकू यायचं. नाव कळलं तेव्हा ती मनातून खूशच झाली.

तिचं काम करणाऱ्या बाईला डूला म्हणतात. "म्हणजे दुलया विकता का?" असं विचारणारेही तिला भेटले होते. ती सुईण नव्हती, नर्स नव्हती, आणि बाळ सांभाळणारी बाई तर मुळीच नव्हती. तिनं फक्त बाळंत होणाऱ्या बाईजवळ बसायचं. कळ आली की कंबर दाबून धरायची, ओसरली की पाण्याचा घोट द्यायचा, बाई घाबरली की हात धरायचा. आणि घरी गेल्यावरही काही आठवडे जाऊन बघायचं, तिनं खाल्लं का, ती झोपली का, कोपऱ्यात बसून एकटीच रडत तर नाही ना. "एवढंच?" लोक म्हणायचे. "एवढंच," ती म्हणायची, "आणि एवढंच कुणी करत नाही."

राग तिच्या नाकावरच असायचा, पण तो उगाच नव्हता. बाईच्या पोटात बाळ आलं की तिचं तोंड जणू गळून पडतं, असं वागतात लोक. डॉक्टर नवऱ्याला विचारतात, "हिला कधीपासून दुखतंय?" सासू परस्पर सांगून टाकते, "तिला भूक नाही." नणंद म्हणते, "तिला गार लागतंय," आणि घामानं भिजलेल्या बाईच्या अंगावर आणखी एक पांघरूण पडतं. जिचा जीव खालीवर होतोय ती मधोमध पडलेली, आणि सगळी वर्दळ तिच्या डोक्यावरून. अशा वेळी तिखटबाईचं एकच वाक्य ठरलेलं असायचं. "तिला विचारा. ती इथंच आहे." हे वाक्य तिनं इतक्या जणांच्या तोंडावर मारलं होतं, की वॉर्डातल्या सिस्टर तिच्यामागे तिची नक्कल करायच्या.

तर ही तिखटबाई कप्तानच्या बाळंतपणाला गेली, आणि पुढचं सगळं तिथं घडलं.

कप्तान शहरातली मोठी बस चालवायची. डेपोतल्या पुरुषांनी आधी थट्टेनं कप्तान म्हणायला सुरुवात केली. मग तिनं एका वळणावळणाच्या उताराच्या रस्त्यावर गाडी अशी काही चालवून दाखवली, की थट्टा संपली आणि नाव राहिलं. तिला आई नव्हती. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, दिवसभर लोकांना "आता दिसतंय का? आणि आता?" विचारणारा मवाळ माणूस. सासूबाई मायाळू, पण त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आवरायचा नाही. कप्तानला वाटलं, त्या वेळी आपल्याजवळ आपलं असं कुणीतरी असावं. तिनं चौकशी केली आणि तिखटबाईला बोलावून घेतलं.

शेवटच्या महिन्यात तिखटबाई त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जायची. आतल्या खोलीत लोखंडी पलंग होता. त्याचा दांडा धरून उभं कसं राहायचं, कळ आली की श्वास कसा सोडायचा, कुठल्या कुशीवर बरं वाटतं, असलं सगळं दोघी करून बघायच्या.

"ताई, मला ते पाठीतलं इंजेक्शन नको," कप्तान एकदा म्हणाली. "मणक्यात सुई म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि पाय बधिर होतात म्हणे. माझे पाय ब्रेकवरचे आहेत. ते मला माझ्या ताब्यातच हवेत."

"नको तर नको. तसं सांगू."

"पण मी ओरडेन. मला माहीत आहे मी कशी आहे. द्या द्या म्हणून गळा काढेन, तुम्हालाही चार शिव्या देईन. तुम्ही लक्ष देऊ नका."

"असं कसं? ओरडलीस तर मी ऐकणारच ना गं."

"ऐका तर. माझ्या गाडीत लोक रोज मागून ओरडतात. हळू घ्या, जोरात घ्या, इथंच सोडा, खिडकी लागत नाही. प्रत्येकाच्या ओरडण्यावर गाडी चालवली तर ती डेपोतून बाहेरच पडायची नाही. पण घंटी वाजली की थांबते. घंटीवर मी वाद घालत नाही." तिनं हात उचलला आणि बोटातली अंगठी पलंगाच्या दांड्यावर आपटली. टण्ण. बाहेरच्या खोलीतून नवरा डोकावला. "ही माझी घंटी. ही वाजली की समजायचं, कप्तानला खरंच हवंय. मग मी आधी काय म्हणाले होते, ते मला ऐकवायचं नाही. लगेच डॉक्टरला बोलवायचं."

तिखटबाईला हसू आलं आणि आनंदही झाला. बायका इतकं स्पष्ट बोलत नाहीत. कुणी त्यांना बोलायची सवयच लावलेली नसते. "ठरलं," ती म्हणाली. "घंटी वाजली की गाडी थांबणार. माझे कान तिखट आहेत, काळजी करू नकोस."

नवऱ्यालाही सगळं नीट समजावून झालं. त्यानं दोनदा मान हलवली.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळी तिघं प्रसूतिगृहात पोचली. मोठ्या सिस्टरांनी पहिलं काय केलं असेल, तर कप्तानच्या हातांकडे बघितलं. बोटं सुजली होती. "अंगठी काढा. नंतर कापावी लागेल," त्या म्हणाल्या. अंगठी निघेना. तिखटबाईनं स्वतः साबणाचा फेस केला, बोटाला चोळला, फिरवत फिरवत अंगठी काढली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली. तिथल्या पलंगाचे कठडे प्लास्टिकचे होते. अंगठी गेली म्हणजे घंटी गेली, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कप्तानला येणं शक्य नव्हतं, तिला कळ आली होती. उरले ते दोघं.

सकाळ चांगली गेली. सोबत एकच माणूस असा तिथला नियम. कप्तान म्हणाली, "ताई राहू दे," म्हणून नवरा बाहेर बाकावर बसला. पोटावर पट्टा बांधलेला, बाळाचे ठोके यंत्रातून टप टप येत होते. तिखटबाईनं खिडकीचा पडदा ओढला, दिवा मंद केला, कप्तानला कठड्याला टेकून उभं केलं आणि मागून दोन्ही तळव्यांनी कंबर दाबून धरली. कळ गेली की दोघी डेपोतल्या गप्पा मारायच्या. मध्येच एक डॉक्टर आल्या. "मावशी, जरा ते भांडं उचला," त्या तिखटबाईला म्हणाल्या आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला हाक मारून विचारू लागल्या, "पाणी कधी गेलं हिचं?"

"तिला विचारा," तिखटबाई म्हणाली. "ती इथंच आहे."

डॉक्टरांनी ओठ आवळले, पण विचारलं. कप्तान तिखटबाईकडे बघून डोळे मिचकावून हसली. ते त्या दिवसातलं तिचं शेवटचं हसू.

दुपारनंतर कळा एकमेकींच्या पाठीवर पाय देत येऊ लागल्या. उसंत मिळेना. कप्तान ओरडू लागली. द्या ते इंजेक्शन, मरू दे ते ठरलेलं, तुम्हाला काय जातंय बोलायला. सगळं तिनं सांगितलं होतं तसंच. तिखटबाई तिच्या कानाशी बोलत राहिली, हात धरून राहिली, आणि एक कान कठड्याकडे ठेवून राहिली. तोवर सगळं ठीक होतं.

आणि मग सासूबाई आल्या.

त्या दोन पिशव्या घेऊन थेट दारात येऊन उभ्या राहिल्या. आत परकी बाई आणि घरचं माणूस बाहेर बाकावर, हे बघून त्यांचा पारा चढला. "मी आजी आहे तिची... बाळाची! आणि मी इथं उभी राहू?" मोठ्या सिस्टरांना हवंच होतं ते. "बरोबर आहे आजींचं. घरचं माणूस आलं की बाहेरच्यांनी निघायचं. एकच माणूस, नियम आहे." म्हणजे सकाळपासून नियम होता तो नवऱ्यासाठी, आणि आता तोच नियम तिखटबाईसाठी. आडमुठेपणाला कुणी शिवून द्यावं तसे नियम असतात यांचे, हव्या त्या अंगाला बसतात.

तिखटबाई खुर्चीवरून उठली. कप्तानचा हात सोडून ती दारात गेली आणि चौकटीला हात लावून अडसरासारखी उभी राहिली.

"आत कोण असावं हे तिनं सांगितलंय."

"ती काय सांगणार? ती शुद्धीवर तरी आहे का?"

"आहे! तुमच्याइतकीच आहे. तिला विचारा!"

"अहो, माझी सून आहे ती."

"सून तुमची, पण कळा तिच्या आहेत. तिला विचारा म्हणतेय ना मी!"

भांडण चांगलंच पेटलं. सासूबाईंचा आवाज चढला, मोठ्या सिस्टर दोन्ही हातांनी हातवारे करून बोलू लागल्या, नवरा "आई, आई" करत मध्ये पडला. आणि खरं सांगायचं तर तिखटबाईला त्या भांडणात रंग चढला होता. या बाईनं इतकी वर्षं ज्यांच्या ज्यांच्याबद्दल मनात साठवलं होतं, ते सगळं त्या दिवशी बाहेर आलं. ती तावातावानं बोलत होती, बायकांना बोलू देत नाहीत म्हणून, त्यांचं ऐकत नाहीत म्हणून. तिला विचारा, तिला विचारा. आणि जिला विचारायचं तिच्याकडे तिची स्वतःची पाठ होती.

तेवढ्यात मघाच्या डॉक्टर भूलतज्ज्ञांना घेऊन आल्या. "हे आत्ता मोकळे आहेत. यानंतर मोठं ऑपरेशन आहे, मग संध्याकाळपर्यंत मिळायचे नाहीत. हिला इंजेक्शन हवंय का?"

"ती तर मघापासून द्या द्या करतेय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"करू दे," तिखटबाई म्हणाली. "ओरडण्याकडे लक्ष देऊ नका असं तिनंच सांगून ठेवलंय. नको आहे तिला. ठरलंय आमचं."

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"हो, म्हणजे, तसं ठरलं होतं खरं," नवरा म्हणाला.

दारापासून पलंग चार पावलांवर. मध्ये एक पडदा. ती चार पावलं डॉक्टर चालल्या नाहीत, भूलतज्ज्ञ चालले नाहीत, मी आजी म्हणत आलेली सासू चालली नाही, जन्माचा जोडीदार चालला नाही. डॉक्टर एरवी कदाचित गेल्याही असत्या, पण त्या गोंधळाला त्या वैतागल्या होत्या. "बरं, तुमचं ठरलंय तर," त्या म्हणाल्या आणि भूलतज्ज्ञांना घेऊन निघून गेल्या.

भांडण तिखटबाईनं जिंकलं. सासूबाई पिशव्या घेऊन बाकावर बसल्या. ती परत पलंगाशी आली तेव्हा कप्तान ओरडायची थांबली होती. छताकडे बघत होती, एक हात चादरीखाली. "शाब्बास," तिखटबाई तिचं कपाळ पुसत म्हणाली. "आता तुला कुणी त्रास देणार नाही." त्यानंतर कप्तान कुणाशीच काही बोलली नाही. ढकल म्हणाले तेव्हा तिनं ढकललं, थांब म्हणाले तेव्हा थांबली. ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. धडधाकट, आवाजाला खणखणीत.

सगळ्यांना भरून आलं. "आणि एकही इंजेक्शन नाही!" डॉक्टर म्हणाल्या. मोठ्या सिस्टरसुद्धा म्हणाल्या, "मानलं हिला." सासूबाईंनी तर मघाचं भांडण विसरून तिखटबाईचे दोन्ही हात धरले. तिखटबाईनं कप्तानच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. थकली असेल, तिखटबाईनं मनाशी म्हटलं. बघा, म्हटलं. विचारलं नाही.

कप्तान घरी आल्यावर तिखटबाई ठरल्याप्रमाणे गेली. जिन्यातच चपला-बुटांचा ढीग. बाहेरची खोली माणसांनी भरलेली. डेपोतले दोघं, शेजारची मंडळी, नणंद, आणखी कोण कोण. बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होतं. नवरा चहा देत होता. आणि सासूबाई मधोमध बसून गोष्ट सांगत होत्या, बहुधा पुन्हा एकदा पहिल्यापासून. "...डॉक्टर स्वतः इंजेक्शन द्यायला आल्या, तरी आमची कप्तान नको म्हणजे नको! आजकालच्या मुलींना जरा कुठं दुखलं की सुई. पण आमचीनं सगळं सोसलं. वाघीण आहे वाघीण!"

तिखटबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिचा टाक्यांवर बसून जीव चाललाय आणि इथं चहापाणी रंगलंय. तिची एक रीत होती, ती बाळाकडे आधी बघत नसे. बाळाकडे बघायला सगळं जग असतं. ती सरळ आतल्या खोलीत गेली.

कप्तान लोखंडी पलंगावर एका कुशीवर टेकून बसली होती. शेजारी गार झालेला चहा, वर साय धरलेली. छाती दुधानं ताठरलेली, गाऊनवर ओले डाग. तिखटबाईनं हात धुतले, उशा नीट लावल्या, डब्यातून आणलेलं गरम सूप वाटीत ओतलं.

"खाल्लंस का काही?"

"हं."

"झोप?"

"हं."

"टाके दुखतात?"

वाटी घ्यायला कप्ताननं उजवा हात पुढे केला. चारही बोटांच्या सांध्यांवर सालं निघालेली होती, काळीनिळी, मधल्या बोटावर खपली धरलेली.

"अगं बाई, हे काय? कशावर आपटलास हात?"

कप्ताननं पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.

"कठड्यावर," ती म्हणाली.

बाहेर हशा उसळला. तिखटबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. अंगठी नव्हती. साबण तिनंच लावला होता. अंगठी नव्हती म्हणून ही पोरगी मुठीनं वाजवत राहिली होती, प्लास्टिकच्या कठड्यावर, सालं निघेपर्यंत. आणि चार पावलांवर तिखट कानांची बाई तिच्याचसाठी घसा फोडत उभी होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"सासूबाई दारात आल्या ना, म्हणून मी..." तिखटबाईनं सुरुवात केली आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"डॉक्टर आल्या ते मला ऐकू आलं," कप्तान म्हणाली. "मला वाटलं, सुटले. मी जोरात वाजवलं. आणि तुमचा आवाज आला. नको आहे तिला. तुमचा आवाज, ताई. दुसऱ्या कुणाचा असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, यांना काय कळतंय. तुमच्याशी ठरवलं होतं मी. मी फक्त तुमच्याशीच ठरवलं होतं."

तिखटबाईला खूप काही बोलायचं होतं. चुकले म्हणायचं होतं, रडायचंही होतं. पण आपण रडलो तर हिलाच आपली समजूत काढावी लागेल, एवढं तिला धंद्यानं शिकवलं होतं. ती उभी राहिली.

बाहेर बाळ रडू लागलं. कप्तानच्या गाऊनवरचे डाग बघता बघता पसरले. "आणते मी," तिखटबाई म्हणाली आणि बाहेर गेली.

बाळ डेपोतल्या एका दाढीवाल्याच्या हातात होतं, तो बिचारा त्याला हॉर्न वाजवून दाखवत होता, पों पों. तिखटबाईनं हात पुढे केले.

"आल्या बघा!" सासूबाई म्हणाल्या. "या साक्षीला होत्या. सांगा हो तुम्हीच. नुसतं बोट उचललं असतं तर इंजेक्शन मिळालं असतं, पण आमच्या कप्ताननं मागितलं तरी का? खरं की नाही?"

सगळ्यांनी कौतुकानं तिच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. तिचं नाव झालं असतं, पुढची चार घरं मिळाली असती. आणि नाही, खरं असं झालं, असं सांगून टाकलं असतं तर मनावरचं ओझं उतरलं असतं. पण तेही कप्तानचंच होतं, तिच्या तोंडचं. ते आपण सांगणारे कोण? एकदा तिच्या वतीनं बोलून झालं होतं, तेवढं पुरे होतं.

"तिला विचारा," तिखटबाई म्हणाली.

खोलीत हसू पसरलं. तिचं हे वाक्य सासूबाईंनी गोष्टीत आधीच सांगितलं असणार. "आता त्यात विचारायचं काय राहिलंय!" नणंद म्हणाली.

"राहिलंय. मी विचारलं नाही, तुम्हीही नाही. आता विचारा."

"काय विचारायचंय?"

कप्तान दारात उभी होती. चौकटीला धरून, टाके ओढले जाऊ नयेत म्हणून जराशी वाकून. दाढीवाला पटकन उभा राहिला. तिखटबाईनं त्याच्याकडून बाळ घेऊन कप्तानच्या हातात दिलं आणि बाजूला झाली.

"मी घंटी वाजवली होती," कप्तान म्हणाली.

"कसली गं घंटी?" सासूबाईंनी विचारलं. पण नवऱ्याला कळलं. त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. शर्ट दुसरा होता, खिसा रिकामा होता, पण हात गेला. चहाची किटली त्यानं खाली ठेवली.

"मला ते इंजेक्शन हवं होतं. आधी नको होतं, मग हवं होतं. मी ओरडून मागितलं, रडून मागितलं, हात सोलवटेपर्यंत मागितलं. दारात तुम्ही इतकी माणसं होतात. माझ्याबद्दलच बोलत होतात. एकानंही वळून बघितलं नाही. मी काही वाघीणबिघीण नाही. दुसरं काही करता येईना म्हणून सोसलं. ही गोष्ट पुन्हा कुणाला सांगायची नाही. अशी तर मुळीच नाही."

बाळ तिच्या खांद्यावर तोंड घासत होतं.

"अगं पण," सासूबाई चाचरत म्हणाल्या, "सगळं सुखरूप तर झालं ना?"

हे वाक्य जगातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या तोंडावर टाकलेलं असतं. त्यापुढे कुणाला काही बोलता येत नाही, म्हणूनच ते टाकतात.

"बाळ सुखरूप झालं, आई," कप्तान म्हणाली. "मी कशी आहे, ते कुणी विचारलंत?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "नाही गं. नाही विचारलं." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा पट्टा थांबला.

"आता गाडी पुढे जाणार नाही," कप्तान म्हणाली, डेपोतल्या आवाजात. "शेवटचा थांबा आहे. सगळ्यांनी उतरून घ्या."

डेपोतले दोघं आधी उठले. त्यांना तो आवाज माहीत होता. मागोमाग शेजारची मंडळी आणि नणंद. जिन्यात चपला-बुटांची शोधाशोध झाली, एकाच्या पायात दुसऱ्याचा जोडा गेला, पण मोठ्यानं कुणी बोललं नाही. सासूबाई कपबशा गोळा करून मोरीकडे गेल्या. नवरा बायकोसमोर येऊन उभा राहिला, पण काय विचारावं ते त्याला सुचेना. दिवसभर विचारण्याचाच धंदा करणारा माणूस.

"सूप गरम करून आणतोस?" कप्ताननंच त्याला सांगितलं. तो धावला.

तिखटबाईनं आतून आपली पिशवी उचलली आणि खांद्याला लावली.

"तुम्ही कुठं निघालात?" कप्ताननं विचारलं.

"सगळ्यांनी उतरा म्हणालीस ना."

"तुमच्याशी भांडायचं राहिलंय माझं." कप्तान पलंगावर बसली आणि बाळाला तिनं छातीशी घेतलं. दूध ओढलं गेलं तशी कळ आली, ती क्षणभर डोळे मिटून राहिली. मग उघडले. "मी म्हणत नाही तोवर मध्ये बोलायचं नाही. सासूबाई आल्या, डॉक्टर आल्या, काही सांगायचं नाही. बसा."

तिखटबाईचं तोंड सवयीनं उघडलं. ते तिनं मिटलं, पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून पलंगाला चिकटून बसली.